पुढचा ॲक्सल तुटला, आता काय? ऑफ-रोडिंग करणाऱ्या एसयूव्हीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की एकाच धर्तीचे निरोप येऊ लागतात. ‘चढावर कडाड् आवाज झाला आणि गाडी जागची हलेना’, ‘गॅरेजवाला म्हणतो वेल्डिंग मारून देतो, मारू का?’, ‘क्लेम बसेल का?’ असे पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना आपल्याकडच्या रानवाटांवर जास्त दिसणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर आहेत: थार, स्कॉर्पिओ, गुरखा, जिम्नी, जिप्सी, फॉर्च्युनर आणि जुन्या जीप. तुम्ही हे गाडीशेजारी चिखलात उभं राहून वाचत असाल तर बाकी सगळं सोडा आणि आधी प्रश्न ३ वाचा.

१. ‘पुढचा ॲक्सल तुटला’ म्हणतात तेव्हा नेमकं काय तुटलेलं असतं?

ते गाडीच्या पुढच्या बांधणीवर ठरतं. २०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर आणि २०२१ नंतरची गुरखा यांच्या पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. डिफरन्शियल, म्हणजे डाव्याउजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी, मधोमध पक्कं बसवलेलं असतं आणि त्यातून डावीउजवीकडे एकेक ड्राइव्ह शाफ्ट निघतो. प्रत्येक शाफ्टला दोन सीव्ही जॉइंट (कोनात वाकूनही फिरकी पुढे देणारे सांधे), एक डिफरन्शियलकडे आणि एक चाकाकडे. अशा गाड्यांत बहुतेक वेळा जातो तो चाकाकडचा बाहेरचा जॉइंट, कारण स्टिअरिंग वळलं की सगळा कोन त्यालाच सोसावा लागतो.

जिम्नी, जिप्सी आणि जुन्या एमएम ५४० सारख्या जीपना पुढेही एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग पोलादी हाउसिंग असतं आणि शाफ्ट त्याच्या आत फिरतो. तिथे शाफ्ट किंवा चाकाजवळचा जॉइंट तुटतो, जुन्या जीपमध्ये जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस फुटून त्याला धरणारे कान उघडतात, आणि गाडी उंचावरून आदळली असेल तर हाउसिंगच वाकतं.

याशिवाय लोअर आर्मचा (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बॉल जॉइंट निखळला किंवा नकल (हब धरून स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) फुटलं तरी निरोप ‘ॲक्सल गेला’ असाच येतो. डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन या गिअरचे दात उडाले तरी तोच. या प्रत्येकाचा खर्च वेगळा आणि धोकाही वेगळा. म्हणून नक्की काय तुटलं ते कळल्याशिवाय कुणालाही दर विचारू नका.

२. वर्कशॉपला न जाता, जागेवरच कसं ओळखू?

आधी लांब उभं राहून समोरून चाकांकडे बघा. एखादं चाक खालून किंवा वरून तिरकं झालं असेल, फेंडरच्या आत घुसलं असेल, किंवा दोन चाकं दोन दिशांना बघत असतील तर बॉल जॉइंट, आर्म, टाय रॉड किंवा नकल गेलं आहे. ही गाडी स्वतःच्या चाकांवर चालवायची नाही.

चाकं सरळ असतील तर खाली वाका. रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेक कॅलिपरवर आणि लोअर आर्मवर काळं ग्रीस गोल शिंतोड्यांनी उडालेलं दिसलं, रबरी बूट फाटलेला असला, की सीव्ही जॉइंट गेला असं समजा. खात्री करायला सपाट जागा हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी (चाक अडवणारे दगड किंवा ठोकळे) लावा, इंजिन बंद, गाडी २एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद), आणि संशयित चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. चाक फिरतं पण शाफ्ट स्थिर राहतो, म्हणजे बाहेरचा जॉइंट तुटला. शाफ्ट फिरतो पण डिफरन्शियलकडची वाटी स्थिर, तर आतला. सगळं सोबत फिरतं आणि मधूनच कटकट ऐकू येते, अडकल्यासारखं होतं, तर डिफरन्शियलचा ड्रेन प्लग काढून त्याचं लोहचुंबक बघा. राखाडी, मऊ लेप नेहमीचाच असतो. तांदळाच्या कणीएवढे धारदार तुकडे निघाले तर दात गेले.

३. आत्ता चढावर अडकलोय. मोठा आवाज झाला आणि गाडी पुढे जात नाही. पहिलं काय करू?

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि पुन्हा देऊ नका. शाफ्ट तुटताना जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त नुकसान पुढच्या दोन मिनिटांत, ‘अजून एकदा बघतो’ म्हणत दिलेल्या रेसने होतं. सुटलेला शाफ्ट गरागरा फिरून ब्रेकची होज, एबीएसची वायर, शेजारचा आर्म आणि कधी डिफरन्शियलचं ॲल्युमिनियमचं कव्हर फोडतो. सलग ॲक्सलच्या गाडीत जॉइंटचे तुकडे नकलच्या आत अडकून स्टिअरिंग एका बाजूला जाम होऊ शकतं, आणि ते उतारावर कळतं.

फूट ब्रेक दाबून धरा, हँडब्रेक ओढा, सोबतच्या माणसाला चाकांमागे उटी लावायला सांगा. त्यासाठी जड, कडा असलेले दगड घ्या, गोटे घसरतात. माणसं उताराच्या बाजूला उभी राहणार नाहीत हे बघा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वळवणारी पेटी, जिच्या लिव्हरने २एच निवडतात) न्यूट्रलमध्ये टाकू नका, त्याने गाडीच्या चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच सुटतो. मग प्रश्न २ प्रमाणे तपासा आणि गाडी हलवण्याआधी फोटो काढा, ते पुढे प्रश्न १५ मध्ये लागतील.

ओढ्यात अडकला असाल आणि पाणी चढत असेल तर गाडी तिथेच सोडा. सह्याद्रीतल्या ओढ्याला वर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी बघता बघता येतं. गाडी नंतर काढता येते.

४. बाहेरचा जॉइंट तुटलाय. २एचमध्ये टाकून घरापर्यंत नेऊ शकतो का?

पार्ट-टाइम फोर-बाय-फोर असेल, म्हणजे २एचमध्ये गाडी फक्त मागच्या चाकांवर चालत असेल, तर बहुधा हो. पण तुटलेला शाफ्ट आहे तसा ठेवून नाही. २एच लावलं म्हणजे पुढचा शाफ्ट फिरायचा थांबतो असं नाही, चाक त्याला फिरवतच असतं. (काही गाड्यांत २एचमध्ये पुढचा ॲक्सल मधून सुटा होतो. तरी चाकाकडचा भाग फिरतोच.)

योग्य पद्धत अशी. शाफ्ट बाहेर काढा, तुटलेला बाहेरचा जॉइंट सोडवून त्याचे बॉल, पिंजरा वगैरे साफ करा, आणि स्प्लाइन (दांडीवरचे लांबट दाते) व आट्यांसह असलेली त्याची बाहेरची घंटी परत हबमध्ये (चाक जिथे बसतं त्या मधल्या भागात) घालून मोठा नट पूर्ण ताकदीने आवळा. हे का, ते पुढच्या प्रश्नात आहे. आतल्या बाजूची वाटी शक्य असेल तर डिफरन्शियलमध्येच राहू द्या, नाहीतर त्या भोकातून तेल वाहून जातं. वाटीच्या तोंडावर जाड प्लास्टिकची पिशवी घालून टायने घट्ट बांधली की चिखल आत जात नाही. मग २एच, ताशी तीस-चाळीस, एक्सप्रेसवे टाळून, आणि अधूनमधून थांबून त्या हबला हात लावून बघत. हब चटका बसेल इतकं तापलं तर तिथेच थांबा.

जिप्सी आणि जुन्या जीपला फ्री-व्हील हब असतील तर काम सोपं. दोन्ही बाजूंचे हब ‘फ्री’ करा आणि २एच लावा, आतला शाफ्ट फिरणारच नाही. निघण्याआधी मात्र गाडी उभी ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. कुठेही अडकलं, कचकच झाली, तर शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय निघायचं नाही.

५. शाफ्ट पूर्ण काढला आणि हबचं भोक मोकळं ठेवून चालवलं तर काय बिघडतं?

स्वतंत्र सस्पेन्शनच्या बहुतेक गाड्यांत चाकाचं बेअरिंग दोन अर्ध्यांचं असतं, आणि त्या अर्ध्यांना दाबून एकत्र धरायचं काम शाफ्टचं टोक आणि त्यावरचा नट करतात. शाफ्ट काढला की तो दाब जातो, बेअरिंग सैल होतं, आणि चाक हबसकट निघून यायची वेळ येते. वाटेत हे घडणं शाफ्ट तुटण्यापेक्षा कितीतरी जास्त घातक आहे.

जुनी जीप आणि जिप्सी इथे अपवाद. त्यांत हबचं बेअरिंग पोकळ स्पिंडलवर स्वतःच्या नटांनी बसलेलं असतं, शाफ्ट त्यातून नुसता आरपार जातो. शाफ्ट काढला तरी चाक जागेवर राहतं, फक्त भोक झाकायचं.

६. माझी गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, २एच वगैरे काही नाही. एकच शाफ्ट तुटलाय, तरी गाडी अजिबात का हलत नाही?

एक्सयूव्ही ७०० किंवा ऑल-व्हील ड्राइव्हची डस्टर या मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत, मागच्या चाकांना ताकद गरजेपुरती क्लचमधून जाते. पुढचा एक शाफ्ट तुटला की ओपन (लॉक नसलेलं) डिफरन्शियल सगळी फिरकी त्या तुटक्या बाजूला सोडतं आणि धड बाजूला काहीच पोचत नाही. मागची चाकं थोडं ढकलतील, पण त्यांच्या भरवशावर चढ चढवायला गेलात तर तो क्लच तापून जातो. या गाड्या ट्रकवर चढवूनच न्यायच्या.

७. ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये होती तरी घसरली. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. ‘पी’ चाक धरत नाही, गिअरबॉक्सचा बाहेर जाणारा शाफ्ट धरतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक ड्राइव्ह शाफ्ट तुटला की ती पकड चाकांपर्यंत पोचतच नाही. थार किंवा फॉर्च्युनरमध्ये ‘पी’ मागच्या चाकांमार्फत धरून ठेवतो, पण ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर तिथेही नाही. म्हणून प्रश्न ३ मध्ये हँडब्रेक आणि उटी आधी सांगितली आहे.

८. टोचन करून आणू का? गावातला ट्रॅक्टरवाला यायला तयार आहे.

रानातून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उत्तम, आणि खेड्यात माणसं या कामाला मनापासून धावून येतात. फक्त दोर कुठे बांधायचा ते तुम्ही सांगा, त्यांच्यावर सोडू नका. चासीला असलेल्या टो हुकालाच बांधायचा. घाईत पुष्कळदा साखळी लोअर आर्मला किंवा टाय रॉडला अडकवली जाते आणि एका शाफ्टच्या कामात अलाइनमेंट, रॉड, आर्म यांची भर पडते. ओढताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, आणि मध्यावर ओलं पोतं किंवा जाड जाकीट टाकावं, म्हणजे दोर तुटला तर त्याचा फटका कमी होतो.

डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र टोचन नको. सपाट पाट्याचा टो ट्रक मागवा. बॉल जॉइंट किंवा नकल गेलं असेल तर पुढचं चाक जमिनीवर टेकवून गाडी नेताच येत नाही.

९. गॅरेजवाला म्हणतो शाफ्टला वेल्डिंग मारून, लेथवर घासून देतो. चालेल का?

नाही. गॅरेजवाला कितीही जुना, कितीही विश्वासाचा असला तरी नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या पोलादाला बाहेरून कडक आणि आतून चिवट राहील अशी उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. वेल्डिंगच्या आचेने त्या जागेचा कडकपणा जातो आणि शेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो. सपाट रस्त्यावर तो शाफ्ट महिनाभर चालेलही, पण चढावर, पूर्ण वळलेल्या चाकावर, तिथेच तुटेल. नकल, बॉल जॉइंट आणि सस्पेन्शनचे आर्म यांनाही हेच लागू. बिडाच्या ओतीव नकलला वेल्ड बाहेरून छान दिसतं आणि आत चीर तशीच राहते.

सलग ॲक्सलच्या हाउसिंगची गोष्ट वेगळी. त्याची नळी साध्या पोलादाची असते. ती प्रेसवर सरळ करून, चिरेला व्ही घालून वेल्ड करून वर आधारपट्टी मारणं हे जाणकाराच्या हातून पक्कं काम होतं. कसोटी एकच: काम झाल्यावर शाफ्ट नुसत्या हाताने, न अडकता, शेवटपर्यंत आत गेला पाहिजे. हातोडा लागत असेल तर हाउसिंग अजून वाकडं आहे, आणि ते सील व बेअरिंग खात राहील.

१०. फक्त जॉइंट बदलू की अख्खा शाफ्ट? आणि जुन्या बाजारातला घेतला तर?

जॉइंट झिजून टकटक करत असेल आणि शाफ्टची दांडी धड असेल तर जॉइंट, बूट, क्लिप आणि ग्रीसचा किट पुरतो. जॉइंट फुटून तुटला असेल तर अख्खा शाफ्ट घ्या. ज्या झटक्याने जॉइंट फुटला त्याच झटक्याने दांडीला पीळ बसलेला असतो. दांडीवर स्प्लाइनच्या रेषा बघा. त्या सरळ न जाता किंचित तिरक्या वळलेल्या दिसल्या तर धातू आपली मर्यादा ओलांडून गेला आहे.

कंपनीचा शाफ्ट महाग वाटतो म्हणून लोक पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला चौकशी करतात. अपघाती गाडीतून काढलेला मूळ कंपनीचा शाफ्ट कधीकधी अनोळखी छापाच्या नव्यापेक्षा बरा निघतो. घेताना जॉइंट पूर्ण वाकवून सगळीकडे फिरवा, कुठेही खाच लागल्यासारखं होता कामा नये. डाव्याउजव्या शाफ्टची लांबी वेगळी असते, आणि एकाच मॉडेलच्या मॅन्युअल-ऑटोमॅटिक किंवा जुन्या-नव्या गाडीत स्प्लाइनची संख्याही बदलू शकते. म्हणून तुमचा तुटलेला शाफ्ट सोबत न्या आणि शेजारी ठेवून मोजा. सील जिथे बसतं त्या पट्ट्यावर गंज असेल तर परत ठेवून द्या.

ग्रीसबद्दल एक गोष्ट: जॉइंटमध्ये मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीसच भरायचं, किटमध्ये येतं तेवढं सगळं. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे टिकत नाही.

११. शाफ्ट घरी बदलता येईल का?

हत्यारं, सपाट फरशी आणि धीर असेल तर येईल. क्रम महत्त्वाचा आहे.

हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच, कुणीतरी ब्रेक दाबून धरलेला असताना सैल करा. बऱ्याच एसयूव्हींमध्ये तो २०० न्यूटन मीटरच्या पुढे आवळलेला असतो, जॅकवर चढवून त्याच्याशी झटापट करणं जिवावर बेतू शकतं. मग गाडी उचलून चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही जाऊ नका. चाक काढा, डिफरन्शियलचं तेल काढा, एबीएसची वायर सोडवा. कॅलिपर काढून तारेने वर टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट सोडवला की नकल बाहेरच्या बाजूला कलतं आणि शाफ्टचं टोक हबमधून मागे ढकलता येतं. अडत असेल तर जुना नट टोकाच्या पातळीला लावून लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका, थेट आट्यांवर हातोडा नको.

आतली बाजू काढताना सर्वांत जास्त नुकसान होतं. शाफ्टला धरून ओढलं तर आतला जॉइंट वाटीतून उपसून येतो आणि वाटी तिथेच राहते. वाटी आणि डिफरन्शियलच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून, सीलला न लावता, एका झटक्यात उचकवायची. नवीन शाफ्ट घालताना सील नवं, सर्क्लिप नवी, हबचा नट नवा. सीलच्या ओठांना तेलाचं बोट फिरवा. शाफ्ट आत बसल्याचा ‘खट्’ आवाज यायला हवा, मग बाहेर ओढून बघा, निघता कामा नये. नट टॉर्क रेंचनेच, तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि त्याची कड खाचेत ठोकून बसवा. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट काढले असतील तर ते शेवटी, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळा. हवेत आवळले तर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

तेल फिलर प्लगच्या कडेपर्यंत भरा. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा, कॅलिपर काढल्यावर पहिले एकदोन दाब रिकामे जातात. त्यानंतर अलाइनमेंट.

१२. एका बाजूचा तुटला. दोन्ही बदलू का?

गरज नाही. दुसऱ्या बाजूचा बूट, जॉइंटचा खुळखुळा आणि स्प्लाइनचा पीळ (प्रश्न १०) तपासा. धड असेल तर राहू द्या.

१३. मी वेगात नव्हतो, उडीही मारली नाही. मग तुटला कसा?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण याचं उत्तर न शोधता बसवलेला नवा शाफ्टही तसाच तुटतो.

ढोबळ हिशोब करू. थारच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन मीटर. पहिला गिअर तो समजा चौपट करतो, ४एल (चारही चाकांना ताकद, संथ गिअर) त्याला आणखी सुमारे अडीचपट, आणि डिफरन्शियल पुन्हा चौपट. कागदावर हे बारा हजार न्यूटन मीटरपर्यंत जातं. एवढं शाफ्टवर सहसा येत नाही, कारण त्याआधी चाक घसरतं. चिखलात घसरणारं चाक शाफ्टला वाचवत असतं. तेच चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं, किंवा हवेत गरगर फिरता फिरता अचानक कोरड्या दगडावर टेकलं, की सगळा झटका शाफ्टवर येतो. वेग ताशी तीन किलोमीटर असला तरी.

त्यात स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असेल तर बाहेरचा जॉइंट आपल्या सर्वांत कमजोर कोनात असतो. म्हणून चढावर अडकलात तर चाकं सरळ करून मगच रेस द्या, आणि चाक हवेत गेलं की पाय काढा, ते टेकू द्या, मग पुन्हा द्या.

एक प्रसंग फार वेळा ऐकू येतो: चढ जमला नाही म्हणून मागे आलो, मग रिव्हर्समध्ये वळवून वर घ्यायला गेलो आणि तुटला. रिव्हर्समध्ये चढताना गाडीचं तोंड उताराकडे असतं, वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते, आणि चाकं वळलेली असतात. पुढचा शाफ्ट तोडायला लागणारं सगळं तिथे एकत्र येतं.

आणि पुष्कळदा खरं कारण त्या दिवसाचं नसतंच. महिनाभरापूर्वी करवंदीच्या जाळीने बूट फाटला, आत लाल माती गेली, ग्रीस बाहेर आलं, जॉइंट कोरडा घासत राहिला. तुटलेल्या जॉइंटच्या आत बघा. ताजी तुटलेली जागा चमकदार, दाणेदार दिसते. बॉलच्या खाचा निळसर, खरवडलेल्या असतील तर तो आधीच मेलेला होता.

१४. पावसात घाट चढताना सुरक्षित म्हणून ४एच लावून ठेवतो. त्याने शाफ्टवर ताण येतो का?

पार्ट-टाइम गाडीत येतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाटेने जातात. ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा गिअर) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जखडलेले असल्याने तो फरक कुठेतरी निघावा लागतो. मातीत चाक किंचित घसरून तो काढून टाकतं. डांबरावर, विशेषतः पाऊस थांबून रस्ता वाळत असताना, तो निघत नाही आणि पीळ शाफ्ट, जॉइंट व ट्रान्सफर केसमध्ये साठतो. वळणात स्टिअरिंग जड होणं, गाडी अडखळणं, लिव्हर २एचमध्ये न येणं ही त्याची लक्षणं. थोडं सरळ मागे घेतलं की पीळ सुटतो आणि लिव्हर येते. ताम्हिणी असो वा आंबोली, डांबर दिसलं की २एच.

१५. इन्शुरन्स आणि वॉरंटी मिळते का?

आपल्याकडच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) पॉलिसीत बाहेरून झालेला अपघाती आघात येतो. यांत्रिक बिघाड, झीज आणि त्यातून पुढे वाढलेलं नुकसान येत नाही. गाडी दगडावर आदळून आर्म, नकल आणि शाफ्ट गेला तर मांडणी करता येते. रेस देताना नुसताच शाफ्ट तुटला तर सर्व्हेअर त्याला यांत्रिक बिघाड म्हणेल, आणि ते त्याचं चूकही नसेल. संघटित शर्यत आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर पॉलिसीतूनच वगळलेले असतात. म्हणजे गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्याने या पॉलिसीवर विसंबू नये.

पॉलिसीतली आणखी एक अट लोक वाचत नाहीत: अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान तुमचं. प्रश्न ४ मधला उपाय करण्याआधी हे ध्यानात घ्या आणि कंपनीला कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलू नका, तुटके तुकडे फेकू नका. रक्कम लहान असेल तर नो क्लेम बोनसचाही हिशोब करा. तो पाच क्लेमविना वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो आणि एका क्लेमने जातो.

वॉरंटीत गैरवापर आणि स्पर्धा वगळलेल्या असतात. शाफ्ट साध्या वापरात, फाटलेल्या बुटाशिवाय तुटला असेल तर दावा जरूर करा, पण लेखी करा.

१६. लिफ्ट किट आणि मोठे टायर लावलेत. त्याचा संबंध आहे का?

थेट आहे. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी उचलली की डिफरन्शियल वर जातं आणि चाक तिथेच राहतं, त्यामुळे सरळ रस्त्यावरही जॉइंट कोनात चालतो आणि वळणात त्याला उरलेली जागा कमी होते. मोठा, जड टायर शाफ्टवरची तरफ लांबवतो. दोन्ही एकत्र असतील तर डिफरन्शियल खाली घेणारा ब्रॅकेट लावा, किंवा लिफ्ट कमी करा. सलग ॲक्सलच्या गाडीत लिफ्टने शाफ्टचा कोन बदलत नाही, टायरचा परिणाम मात्र तोच.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. क्लेमच्या वेळी हा मुद्दा पुढे येतो.

१७. नवीन शाफ्ट टाकल्यापासून गाडी थरथरते. काय राहिलं?

कधी थरथरते ते सांगितल्याशिवाय उत्तर नाही. रेस दिल्यावर थरथर आणि सोडल्यावर शांत, तर आतला जॉइंट नीट बसला नाही किंवा खराब आहे. वळताना टकटक, तर बाहेरचा. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं चाकाच्या बेअरिंगची. त्याच धडकेत ते खराब झालेलं असतं आणि नव्या शाफ्टमुळे लक्षात येतं. गाडी एका बाजूला ओढत असेल आणि अलाइनमेंटवाला ‘कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळत नाही’ म्हणत असेल तर आर्म किंवा नकल वाकलेलं आहे. ते डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्या बाजूच्या सुट्या भागाशेजारी ठेवून ताडून बघावं लागतं. एबीएसचा दिवा लागला असेल तर सेन्सरची वायर किंवा दातेरी रिंग बघा.

१८. डिफरन्शियलचं तेल चहासारखं दुधाळ निघालं. शाफ्टशी संबंध आहे का?

शाफ्ट तुटताना सील फाटलं असेल तर आहे. पण बरेचदा पाणी आधीच गेलेलं असतं. तापलेलं डिफरन्शियल ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि हवा ये-जा करायची ब्रीदर नळी चिखलाने बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल बदला, थोडं चालवून पुन्हा एकदा बदला, आणि ब्रीदरची नळी वर बोनेटच्या उंचीपर्यंत न्या. थारची पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे, पण हब त्याच्या बरंच आधी बुडतं.

१९. गुरखात पुढचा डिफ लॉक (दोन्ही शाफ्ट जखडून एकत्र फिरवणारा) आहे. एक शाफ्ट तुटला तर दुसऱ्यावर बाहेर निघता येईल का?

निघता येतं, आणि ओपन डिफरन्शियलच्या गाडीत हे शक्यच नसतं. पण लॉक लावलेला असताना पुढची सगळी ताकद त्या एकट्या शाफ्टवर जाते आणि गाडी स्टिअरिंग हातातून ओढून एका बाजूला जाते. आधी मागचा लॉक आणि २एच वापरून बघा. पुढचा लॉक वापरावाच लागला तर चाकं सरळ ठेवून, काही फुटांपुरता, आणि तुटक्या बाजूचा शाफ्ट बाहेर काढल्यानंतरच.

२०. जिम्नीचं पुढचं काम करून घेतलं, आता सत्तरच्या पुढे खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात डावीउजवीकडे झटके देतं. शाफ्ट चुकीचा बसला का?

शाफ्टमुळे असं होत नाही. सलग ॲक्सलच्या गाडीत नकल काढलं की किंग पिनची (नकल ज्यावर वळतं त्या खुंट्यांची) बेअरिंगं परत बसवताना त्यांचा आवळ नेमका यावा लागतो. तो सैल राहिला की खड्ड्याच्या झटक्याने दोन्ही चाकं एकत्र फडफडू लागतात. स्प्रिंग काट्याने नकल फिरवायला लागणारं वजन मोजून आवळ तपासतात, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. सोबत टाय रॉड एंड आणि ॲक्सलला आडवं धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे बुश बघा. काही गॅरेजवाले नवा स्टिअरिंग डॅम्पर लावून देतात. त्याने झटके काही दिवस दबतात, सैलपणा तसाच राहतो. झटके सुरू झाल्यावर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू चाळीसच्या खाली आणा.